भिंतीपासून पाव इंच

खोकी दोन दिवस आधीच आणून ठेवली
आय्ली कांगासच्या बैठकीच्या खोलीत, आडवी.
बाहेर उणे एकतीस. रात्रभर ट्रकमध्ये राहिलेली
व्हिनाइलची फळी काचेसारखी तडकते.
घराची ऊब अंगात मुरली की मग ऐकते.
"पाहुणेच म्हणायचे," आय्ली म्हणाली,
आणि खोक्यांवर जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली.

थंडर बे. फेब्रुवारी.
सरोवर इतकं गोठलेलं
की लोक त्यावर गाड्या नेऊन मासे धरत होते.

जुनी फरशी उखडायची नाही, हे मी आधीच बजावलं.
लिनोलियम कोपऱ्यात फाटलंय, तिथून दिसतात
नऊ इंची काळ्या टाइल्स, चोपन्न सालच्या,
पोटात अ‍ॅस्बेस्टॉस.
निजलंय तोवर निजू द्यावं.
खरवडलं की धूळ,
आणि ती धूळ छातीत घर करते.
"म्हणजे झाकायचं."
"झाकायचं."
"ते जमतं," ती म्हणाली, "या घराला सवय आहे."

दहा फुटी पट्टी घेऊन मी रांगत निघाले.
सिंकपुढे पट्टीखालून उजेड आला.
पेन्सिल सरकवली तर आरपार गेली.
दोन खळगे, शेजारी शेजारी, डावा जरा खोल.
"उजवा गुडघा एकोणनव्वदलाच गेला,
तेव्हापासून सगळा भार डाव्यावर."
मग जरा थांबून,
"तेवढं राहू दे ना, डोनाटा."

मी सांगितलं: ही फरशी तरंगती,
हिला ना खिळा, ना गोंद.
फळीचा ओठ फळीत अडकतो, एवढाच आधार.
खाली पोकळ राहिलं की पाय पडून पडून
ओठ तुटतो.
तिनं किटलीचा कान उगाच दुसरीकडे वळवला.
"भर मग."

राखाडी लांबी कालवली, थापी फिरवली.
बावन्न वर्षं भरायला
अर्धा डबा पुरला.

दुसऱ्या दिवशी चौकटींचे पाय कापले,
फळ्या त्यांच्याखाली सरकवल्या,
ठोकळा लावून हातोडी, टक, टक,
कुत्रा पलंगाखालून बाहेर येईना.
ओळीमागून ओळ, सांधे मागेपुढे,
दोन सारख्या गाठी शेजारी आल्या की
एक फळी उलटी फिरवायची.
मध्ये कॉफी, आणि वेलदोड्याचा गोड पाव,
त्याचा चुरा मी करवतीच्या भुशासोबतच झाडला.

दुपारी विनिपेगहून रेइनोचा फोन.
मुलगा मोठ्यानं बोलतो, सगळ्या खोलीला ऐकू जातं.
"राखाडीच लावताय ना? विकताना राखाडीला भाव येतो."
मी खोक्यावरचं लेबल वाचलं: ओक, मधाळ.
दुकानात फोन करून ऑर्डर कुणी बदलली
ते मी विचारलं नाही.
आय्ली कपातल्या साईकडे बघत बसली होती.
"रंग अगदी ठरल्याप्रमाणे," मी म्हणाले.

डिशवॉशरपाशी अडलं.
फरशी अर्धा इंच वर आली की
ओट्याखालून तो कधीच बाहेर निघायचा नाही.
"राहू दे. तो अठ्ठ्याण्णवपासून बंद आहे,
आत माझ्या कढया असतात."

शेवटची ओळ उभी चिरून बसवली,
भिंतीपासून पाव इंच सोडून.
उन्हाळ्यात फरशी फुगते, तिला सरायला जागा लागते.
नाही दिली तर मधोमध कुबड येतं.
वर लाकडी पट्टी मारली की
फट कुणाला दिसत नाही.
"गॅरंटी किती?"
"पंचवीस वर्षं."
तिनं बोटांवर मोजलं.
"एकशे सहा," आणि इतकी हसली
की कुत्रा बाहेर आला.

मी हत्यारं गोळा करत होते.
ती मोजे घालून सिंकपुढे उभी राहिली,
आणि जराशी डुलली, नावेत पाऊल टाकल्यासारखी.
"या वयात उंची वाढली," असं काहीसं म्हणाली.
नळ सोडला.
डावा पाय पुढे सरकवला, मागे घेतला,
अंगठ्यानं गुळगुळीत ओक चाचपला,
परत चाचपला,
आणि माझा कप विसळू लागली.